आईला ताप नव्हता, म्हणून कोणी पाहिलेच नाही

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका पन्नाशीच्या असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतात. त्यांच्या ८१ वर्षांच्या आईला मधुमेह आहे. खुब्याचे हाड मोडल्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या. तासगाव तालुक्यातील गावच्या घरी त्यांचे सगळे करणे भाऊ-वहिनींना झेपेना, म्हणून त्यांना सांगली परिसरातील एका खाजगी शुश्रूषा केंद्रात ठेवण्यात आले. पत्रलेखिका जमेल त्या रविवारी भेटायला जात. अलीकडच्या एका भेटीत आई सतत झोपेत आहे आणि मधूनच असंबद्ध बोलते आहे, असे त्यांच्या लक्षात आले. केंद्रातील मावशींनी, “ताप नाही, वयोमानाने असे होते,” असे सांगितले. पुढच्या आठवड्यात आईने कोणाला ओळखले नाही, तेव्हा तिला मिरजेतील रुग्णालयात हलवले. लघवीतील जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचे तेथे निदान झाले. शिवाय माकडहाडावर आणि टाचेवर चिघळलेल्या जखमा आढळल्या. त्यांची कुटुंबाला कोणी कल्पनाही दिलेली नव्हती. आई आता सावरत आहे आणि लवकरच तिला सोडतील. भावाचे म्हणणे असे, की तक्रार केली तर दुसरीकडेही कोणी ठेवून घेणार नाही, आणि त्या मावश्यांनी इतके दिवस आईचे सगळे केले आहे. नातेवाईक म्हणतात, आता तरी घरी आणा. पत्रलेखिका विचारतात, “मी तिच्याजवळ बसत होते, तरी मला कळले कसे नाही? तक्रार करावी की गप्प बसावे? आणि तिला आता ठेवावे कुठे?”

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिला तुम्हाला सर्वांत जास्त छळतो आहे, हे पत्रातून स्पष्ट दिसते. म्हणून आधी त्याविषयी. रविवारी दुपारी भेटायला येणाऱ्याला अंथरुणावरचे माणूस कसे दिसते, हे आठवून पाहा. अंघोळ झालेली असते, केस विंचरलेले असतात, धुतलेली चादर छातीपर्यंत ओढलेली असते. आपण हात हातात घेतो, चेहरा पाहतो, दोन घास भरवतो आणि निघतो. माकडहाड आणि टाचा नेमक्या त्या चादरीखाली, गादीला टेकलेल्या असतात. त्या पाहण्याचे काम रोज अंग पुसणाऱ्याचे होते आणि दिसले ते तुम्हाला कळवण्याचे काम केंद्राचे होते. तुमच्यासमोर जे होते ते मात्र तुम्ही अचूक पाहिलेत. आई नेहमीसारखी नाही, गुंगीत आहे, भलतेच बोलते आहे, हे तुमच्या लक्षात आले आणि तुम्ही विचारलेतही. तुम्हाला मिळालेले उत्तर चुकीचे होते, आणि ते उत्तर घरोघरी इतके रुळलेले आहे, की त्यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

ते उत्तर चुकीचे का, हे समजून घेणे पुढच्या काळासाठी फार गरजेचे आहे. तरुण माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, थंडी वाजते, लघवीला जळजळ होते आणि तो तसे सांगतो. ऐंशीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या माणसाचे शरीर असा इशारा देईलच असे नाही. अशा माणसाचे एरवीचे तापमानच कमी असते, त्यामुळे खरा संसर्ग असूनही तापमापक ९९ च्या आसपास रेंगाळू शकतो. दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांतील वृद्धांसाठी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तोंडात एकदा मोजलेले १०० अंशांहून अधिक तापमान किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांची वाढ हाही ताप मानावा असे म्हटले आहे, आणि “नेहमीचे” किती हे कळण्यासाठी ते आधी कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. तापाऐवजी जे दिसते ते असे : एक-दोन दिवसांत आलेली गुंगी किंवा बरळणे, जेवणावरची वासना अचानक उडणे, साखर विनाकारण वाढणे, लघवी कमी होणे, कालपर्यंत बसणाऱ्या माणसाला आज बसवत नसणे. विसराळूपणा वयानुसार हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढतो. चार दिवसांत बदललेले माणूस आजारी आहे असे धरूनच चालावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यातही श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक होणे, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली येणे, हातपाय गार पडणे आणि हाक मारल्यावर नीट जागे न होणे, ही संसर्ग रक्तात उतरत असल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हा १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे, सकाळची वाट पाहू नये.

आता जखमांविषयी. हाडाच्या उंचवट्यावरची कातडी तासन्‌तास दाबली गेली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला तेथे फक्त लाली असते. बोटाने दाबून सोडल्यावर ती लाली क्षणभरही फिकी पडली नाही, तर ते शय्याव्रणाचे पहिले पाऊल समजतात. त्या टप्प्यावर दाब काढला तर कातडी सावरू शकते. दुर्लक्ष झाले की कातडी फाटते, मग खालचे मांस, आणि शेवटी हाडापर्यंत. डायपरमधील ओल आणि मधुमेह हे सारे वेगाने घडवून आणतात. म्हणूनच अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, टाचा पोटरीखाली उशी ठेवून अधांतरी ठेवाव्यात आणि रोज अंग पुसताना पाठ उजेडात पाहावी, असा नियम आहे. हवेची गादी उपयोगी पडते, पण ती आणली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. लाल झालेल्या जागी चोळून मालिश करणे आणि मधे भोक असलेल्या रबरी चकत्या ठेवणे, हे दोन्ही प्रेमापोटी केले जाते आणि दोन्ही अपायकारक ठरते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. अगदी उत्तम देखभाल असतानाही फार आजारी, खंगलेल्या माणसाला कधी कधी असे व्रण होतात. त्यामुळे केवळ जखम झाली एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. लाली प्रथम कोणत्या दिवशी दिसली, ती पाहून काय केले, डॉक्टरांना कधी दाखवले आणि घरच्यांना का कळवले नाही, या चार प्रश्नांना उत्तरे आहेत का, यावरून तो सिद्ध होतो. माझ्या मते तुमच्या आईच्या बाबतीत गाठ येथेच आहे. चिघळलेली जखम दिसल्याखेरीज ड्रेसिंग किंवा डायपर बदलता येत नाही. म्हणजे कोणीतरी ती पाहत होते आणि ते पाहणे पुढे कोठेच पोहोचत नव्हते.

आईला लघवीची नळी होती, असेही तुम्ही लिहिले आहे. ती कशासाठी बसवली, हे तुम्हाला कोणी सांगितले होते का? शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेली नळी पुढे केवळ ओले होऊ नये या सोयीसाठी महिनोन्‌महिने राहून जाते, असे फार घडते. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका चढत जातो आणि महिनाभरात जवळपास प्रत्येक नळीधारक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडतातच. म्हणून दर भेटीत पहिला प्रश्न, नळी अजून लागते का, हा विचारावा. लागतच असेल, तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकलेली असावी, नळीची जोडणी वारंवार उघडू नये आणि बदलल्याची तारीख लिहिलेली असावी. मात्र याच्या उलट टोकालाही जाऊ नका. लघवीच्या अहवालात जंतू दिसले, पण माणूस नेहमीसारखे आहे, तर सहसा प्रतिजैविकाची गरज नसते; विनाकारण दिलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात आणि खऱ्या वेळी औषध लागू पडत नाही. फोनवर विचारून पाच दिवसांच्या गोळ्या सुरू करण्याची पद्धतही तितकीच घातक आहे. संसर्गाचा संशय असेल तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासावे आणि औषधाचा पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी, म्हणजे कोणते जंतू आहेत हे ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना घ्यावा, एवढा आग्रह घरच्यांनी जरूर धरावा.

आता तुमच्या भावाच्या म्हणण्याकडे येऊ. मावश्यांनी वर्षभर सगळे केले, हे खरे असणार आणि त्याबद्दल कृतज्ञ राहणे योग्यच आहे. पण रात्री एकटी मावशी पंधरा-वीस अंथरुणे सांभाळत असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलणे तिला अशक्य आहे, मग ती कितीही मायाळू असो. अशा ठिकाणी संध्याकाळनंतर पाणी कमी दिले जाते, कारण पाणी कमी म्हणजे डायपर कमी. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हाळ्यात त्यातून लघवीचा संसर्ग आणि ग्लानी ओढवते. डॉक्टर आठवड्यातून एकदा फेरी मारतात किंवा फोनवर असतात, आणि मावशीने पाहिलेले त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी वहीच नसते. ही व्यवस्था मालकाने ठरवलेली आहे आणि शुल्कही तोच घेतो. तक्रार त्याच्याकडे जबाब मागते. ती मावशीच्या विरोधात आहे असे तुमच्या भावाने मानू नये. उलट, सगळे खापर एका गरीब बाईवर फोडून तिला कामावरून काढले आणि व्यवस्था तशीच राहिली, तर ते तुम्ही केंद्राला लिहायच्या पत्रातच नाकारायला हवे.

“तक्रार केली तर कोणी ठेवून घेणार नाही,” ही भीती मला अनेक पत्रांतून भेटते. जे केंद्र लेखी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला नाकारते, तेथे आईला ठेवायचे तरी कशाला, असा विचार तुम्ही दोघांनी शांतपणे करावा. शिवाय त्या दालनात तुमच्या आईशेजारी आणखी माणसे निजलेली आहेत, आणि त्यांच्यातील कितीजणांना भेटायला कोणी येत असेल?

तरीही पहिले पाऊल तक्रारीचे नको. आधी कागद गोळा करा. मिरजेच्या रुग्णालयातून आईच्या केसपेपरची, तपासण्यांची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत मागा. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दाखल करतानाच्या नोंदीत जखमांची जागा, आकार आणि खोली लिहिली आहे ना, हे पाहा. नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ती लिहिण्याची विनंती करा. जखमांची छायाचित्रे तारखेसह ठेवा, पण ती नातेवाइकांच्या गटात फिरवू नका. आईच्या देहाची लाज राखणे हेही आपलेच काम आहे. केंद्राकडे भरलेल्या पैशांच्या पावत्या, प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार आणि मोबाईलवरचे संदेश एकत्र करा. त्यानंतर केंद्रचालकाला एक सभ्य, मुद्देसूद पत्र द्या, पोच घ्या, आणि त्यात वर लिहिलेले चार प्रश्न विचारून शुश्रूषेच्या नोंदींची प्रत मागा. काही चालक या पत्रावर समोर बसून चूक मान्य करतात आणि सुधारणा करतात. तसे झाले तर तेवढ्यावर थांबायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. थांबण्यात कमीपणा नाही.

उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर पुढे कोठे जायचे याबद्दल बराच गोंधळ असतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचे प्रांताधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी आहे. केंद्राच्या सेवेबद्दलची तक्रार तेथे नेऊन वेळ जातो. तुमच्या कामाचे मार्ग वेगळे आहेत. केंद्र सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि हद्दीबाहेर असेल तर जिल्ह्याच्या शासकीय आरोग्य यंत्रणेकडे त्याची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी आहे का, हे लेखी विचारा. कारण काही ठिकाणे कागदोपत्री केवळ वृद्धाश्रम असतात, पण प्रत्यक्षात नळ्या घातलेले, सलाईन लावलेले रुग्ण ठेवतात. नोंदणी वृद्धाश्रमाची असेल तर समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयाकडे अर्ज करा. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. शरीराने असहाय असलेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ नुसार गुन्हाही आहे. त्याची शिक्षा मोठी नाही, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परंतु कायद्याने ही गोष्ट “वयोमानाने होतेच” या सदरात टाकलेली नाही, हे चालकाला कळण्यापुरती ती पुरेशी आहे. आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे. केंद्रातील आणखी कोणाची अवस्था तुम्हाला गंभीर वाटली असेल, तर या क्रमाची वाट न पाहता तेथे फोन करा.

राहिला प्रश्न आईला ठेवण्याचा. तुमच्या चार पानी पत्रात भावाचे मत आहे, वहिनींचे आहे, मामांचे आणि शेजाऱ्यांचेही आहे. आईला काय हवे, हे एकाही ओळीत नाही. संसर्गाने आलेली भ्रमावस्था उपचारानंतर बहुधा उतरते, जरी वृद्धांमध्ये त्याला काही आठवडे लागू शकतात. ती जेव्हा शुद्धीत नीट बोलू लागेल, तेव्हा केंद्रातील कोणीही जवळ नसताना तिला विचारा : तिथे रात्री हाक मारली तर कोणी यायचे का, पाणी मिळायचे का, तुला कुठे राहावेसे वाटते? तिचे उत्तर तुम्हाला अडचणीचे वाटेल, कदाचित पाळताही येणार नाही, तरी ते ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

“घरी आणा” म्हणणाऱ्यांना विचारा, की रात्री दोन वाजता आणि चार वाजता कूस कोण बदलणार. बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते, आणि ते नाव उच्चारले जात नाही, कारण ती सून असते. तुमच्या वहिनींना पाठीचे दुखणे आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. घरातही जखमा होतात, घरातही नळी तुंबते. घराच्या भिंती संसर्ग अडवत नाहीत. घरी आणायचेच असेल तर दिवसाला एक आणि रात्रीला एक अशी पगारी माणसे, त्यांच्या पगारात तुमचा आणि भावाचा ठरलेला वाटा, आणि जखम भरेपर्यंत ड्रेसिंगला येणारी प्रशिक्षित परिचारिका, एवढे जमणार असेल तरच आणा. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणावरच्या ज्येष्ठांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने भेट देण्याची तरतूद आहे. गावच्या उपकेंद्रात आणि आशाताईंकडे आईचे नाव नोंदवून ठेवा. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारे आयुष्मान वयवंदना कार्ड २०२४ पासून मिळते. तेही काढून घ्या. शुश्रूषा केंद्राचे शुल्क मात्र त्यातून भरता येत नाही.

माझा कल असा, की जखमा भरेपर्यंतचे पहिले काही आठवडे आईला मिरजेजवळच, रुग्णालयाच्या तपासणीला सहज नेता येईल अशा ठिकाणी ठेवावे आणि कायमचा निर्णय त्यानंतर घ्यावा. जुन्या केंद्रात, पत्राचे उत्तर येण्याआधी, तिला परत पाठवू नये. नवे केंद्र पाहायला रविवारी दुपारी जाऊ नका, कळवून तर नकोच. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी अंघोळीच्या वेळी किंवा रात्री आठनंतर जा. दारातून आत जाताना वास कसा येतो ते पाहा. रात्री किती अंथरुणांमागे किती माणसे असतात, हे चालकाला विचारा आणि मग हेच मावशीला स्वतंत्रपणे विचारा. कूस बदलल्याची, पाण्याची, लघवीची, तापमानाची वही आहे का आणि ती घरच्यांना पाहता येते का, ते बघा. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हाताने, एका दमात भरलेल्या दिसल्या तर ती वही नसल्यासारखीच समजा. एकाला खरूज झाली तर काय करता, असेही विचारा. सगळ्या रहिवाशांवर आणि कर्मचाऱ्यांवर एकाच वेळी उपचार, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात, असे उत्तर देणारे केंद्र संसर्गाचा विचार करणारे आहे. आपल्या सांगलीत आणखी एक प्रश्न टाळता येत नाही : २०१९ सारखा महापूर आला तर तळमजल्यावरच्या, उठू न शकणाऱ्या माणसांना कोठे आणि कसे हलवणार?

प्रवेश घेताना करारात दोन वाक्ये घालून घ्या. कातडीवर नवी लाली किंवा जखम दिसल्यास, किंवा वागण्यात अचानक बदल झाल्यास, २४ तासांच्या आत कुटुंबाला कळवले जाईल. आणि भेटीच्या वेळी नातेवाइकाला रुग्णाची पाठ व पाय पाहू दिले जातील. मग प्रत्येक भेटीत आईला मावशीच्या मदतीने कुशीवर वळवा आणि स्वतः पाहा. यात तिला संकोच वाटेल, म्हणून पडदा ओढून आणि तिला सांगून करा. तुम्ही नसाल त्या आठवड्यात हेच भावाने करायचे आहे, किंवा पाठ पाहताना त्याला अवघडल्यासारखे होत असेल तर वहिनींनी; त्याने निदान टाचा, पिशवी आणि वही पाहावी.

आई रुग्णालयात आहे तोवर भावाला एकदा सकाळच्या राउंडला तुमच्याबरोबर उभे करा. जखमेचे ड्रेसिंग त्याच्यासमोर होऊ द्या आणि नळी काढता येईल का, साखर किती ठेवायची, प्रथिनांचा आहार कोणता, न्यूमोनियाची व फ्लूची लस केव्हा, पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हे प्रश्न डॉक्टरांना त्यालाच विचारू द्या. तक्रारीविषयी त्याच्याशी पुन्हा बोलायचे ते त्यानंतर बोला.